समुद्रदेव, मिसळ आणि भाऊसिंगजी रोडवरचा चहा

ज्यांना ऐकायला सवड होत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना अडखळले ते गाळलंय, एक-दोन सनावळ्या तपासून नीट केल्यात. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या लोणंदच्या घरात झाली. रात्री जेवणं आटोपल्यावर मी आणि तात्या टीव्हीवर यूट्यूब लावून बसलो होतो. तात्या म्हणजे माझे वडील. उभा जन्म कांद्याच्या व्यापारात गेला, आता दुकान भाऊ बघतो आणि तात्या टीव्हीवर जग बघतात. त्या रात्री चीनमधलं शिआन शहर लागलं होतं. आधी ते मातीचे सैनिक. १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते आणि जमिनीखालून सम्राटाची अख्खी फौज निघाली, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मग जुन्या शहराची तटबंदी, आणि तिच्या आत मुस्लिम मोहल्ल्यातली खाण्याची गल्ली. मटणाच्या रश्शात रोटीचे तुकडे कुस्करून खाणारी माणसं, हातभर लांब शेवया, त्यावर लालभडक मिरचीचं कडकडीत तेल.

तात्या म्हणाले, "बघ, शहर असं असावं. सकाळी दोन हजार वर्षांचं बघायचं आन् संध्याकाळी गल्लीत उभं राहून खायचं. आपल्याकडं काय हाय? देव हायती आन् किल्लं हायती."

मी म्हटलं, "तात्या, हे सगळं कोल्हापुरात आहे."

"कोल्हापुरात अंबाबाई हाय."

"अंबाबाई आहेच. पण अंबाबाईच्या देवळापेक्षा जुनं शहरही आहे. तुम्ही शंभर वेळा गेला असाल, पण ते बघितलं नाही."

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. हा भाग त्या एका दिवसाचा आहे. मध्येमध्ये मी इतिहासात शिरेन, तेवढं चालवून घ्या.

लोणंदहून कोल्हापूर म्हणजे आमच्यासाठी रेल्वेचा रस्ता. आदर्कीचा घाट, वाठार, मग सातारा-कोरेगाव करत गाडी कृष्णाकाठाला लागते. कराडचं स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला. हो, प्रभाकर कंदिलाचं ओगलेवाडी. काचेचा कारखाना म्हटलं की तिकडचे जुने लोक अजून डोळे मिचकावतात. पण कराडची मोठी गोष्ट कंदिलाच्या फार आधीची आहे. मध्य प्रदेशात भरहुत नावाचा स्तूप होता, इसवी सनापूर्वीचा. त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यात 'करहाकट'च्या लोकांचं नाव आहे. करहाकट म्हणजे कराड. इथल्या व्यापाऱ्यांनी एवढ्या लांब जाऊन दान दिलं, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. तात्यांनी खिडकीतून बाहेर बघत एकच प्रश्न विचारला, "कशाचा व्यापार होता त्यांचा?" ते त्या दगडावर लिहिलेलं नाही. व्यापारी माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार, आणि नेमका त्यालाच तिथं उत्तर नाही.

कोल्हापुरात उतरून आम्ही दसरा चौकावरून टाऊन हॉलला गेलो. सीपीआर दवाखान्यासमोर बाग आहे, बागेत तोफा आहेत आणि आत चर्चसारखी दिसणारी काळ्या दगडाची उंच इमारत. ही १८७२ ते १८७६ या काळात बांधली, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं. नवा राजवाडाही त्याचाच. आज या इमारतीत वस्तुसंग्रहालय आहे. मी कॉलेजात असताना कितीदा या बागेत बसून भेळ खाल्ली असेल, पण आत मात्र पुण्याहून आलेल्या एका मैत्रिणीला दाखवायच्या निमित्तानं पहिल्यांदा गेले. पाहुणा आला की आपण आपलं गाव बघतो, तसलाच प्रकार.

आत काचेआड एक ब्राँझची मूर्ती आहे. वीतभरसुद्धा नाही. दाढीवाला, अंगावर कापड नसलेला, पिळदार शरीराचा पुरुष. हाताची ठेवण अशी की त्यात काहीतरी लांब काठीसारखं धरलेलं असणार. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. त्याच्या हातात त्रिशूळ असतो. आपल्याकडं त्रिशूळ म्हटलं की एकच देव आठवतो, त्यामुळे तात्या पहिल्यांदा चटकन म्हणाले, "शंकर हाय का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि परत वाकून बघितलं. मग म्हणाले, "पैलवान हाय." कोल्हापुरात हे वाक्य म्हणजे मोठाच मान.

आता हा ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी काय करतोय? समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये सह्याद्री.

त्याची गोष्ट अशी. शहराच्या पश्चिमेला पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं काहीतरी जुनं दडलंय हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. १८७७ साली तिथं नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाण्यांवर धनुष्यबाण, आणि राजांची नावं विळिवायकुर, शिवळकुर अशी. सातवाहनांच्या काळात कोल्हापूर भागावर राज्य करणारे हे राजे. त्यांना आज 'कुर' राजे म्हणतात. टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकारानं दुसऱ्या शतकात 'बालेओकुरोस' नावाच्या राजाचा उल्लेख केलाय. तो म्हणजे आपला विळिवायकुर, हे रा. गो. भांडारकरांनी जुळवलं. विळिवायकुर काय किंवा बालेओकुरोस काय, दोन्ही नावं जीभ वळायला सारखीच अवघड!

मग १९४४-४५ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या काळात राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिथं खणायला घेतलं. हे कन्नडचे प्राध्यापक, हे मुद्दाम सांगते. त्यांना ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. अभ्यासक आजही त्याला 'कुंदणगार साठा' म्हणतात. त्यात हा पोसायडन. त्याच्याबरोबर रोमन आरसा, रोमन सुरई, ग्रीक पुराणातल्या पर्सियस आणि अँड्रोमेडाचं चित्र उठवलेली चकती. आणि त्याच ढिगात अस्सल इथल्या कारागिरांच्या वस्तूसुद्धा. पाठीवर माणसं बसवलेला एक हत्ती आहे, तो माझा सगळ्यात आवडता. माणसं इतकी दाटीनं बसलीत की यात्रेला निघालेली वडाप आठवावी.

लगेच पुढं १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं रीतसर उत्खनन केलं. हसमुख सांकळिया आणि मो. गं. दीक्षित या दोघांचं काम. त्याचा अहवाल १९५२ साली छापून आला. खाली सातवाहनकाळातली विटांची घरं, आणि बऱ्याच वर वेगळ्या थरात बहमनी काळातली वस्ती. त्या वरच्या थरातल्या रंगीत काचेच्या बांगड्या बघितल्या की ओगलेवाडीच्या कितीतरी आधी या भागाला काचेचा नाद होता हे कळतं.

पोसायडन कसा आला, याचं मोठं चित्र आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या शतकात रोमच्या ताब्यातल्या इजिप्तमधून जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला येत. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं प्रवासपुस्तक आहे, 'पेरिप्लस'. त्यात कल्याण आहे, चौल आहे, आणि पैठण व तेर इथून माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा असंही आहे. कोल्हापूरचं नाव त्यात नाही. पण घाट उतरला की कोकण आणि कोकणात बंदरं, हे कोल्हापूरकराला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

पण हा साठा कुणाचा होता? कुणा श्रीमंत व्यापाऱ्यानं हौसेनं जमवलेला? दुकानातला विकाऊ माल? मी तात्यांना विचारलं. ते हत्तीकडं बघत होते. म्हणाले, "मोड असणार."

"मोड?"

"तांबटाकडची मोड. आपल्याकडं फुटका हांडा देऊन नवा घेत्यात न्हाई का? इथला हत्ती, तिकडचा देव, आरसा, सुरई, सगळं एकाच ढिगात. असं कोण ठेवतं? वितळवाय आणलेलं असणार. वितळवायचं राह्यलं."

सांगते मंडळी, या एका वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. हे खरंच आहे असं मी म्हणत नाही. पण आपण ज्याला 'पुरातत्त्वाचा खजिना' म्हणतो, तो कुणाच्या तरी दृष्टीनं किलोवर विकायचं भंगार असू शकतो, आणि भट्टी त्या दिवशी पेटली नाही म्हणून तो आपल्याला दिसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

टाऊन हॉलमधून आम्ही ब्रह्मपुरी बघायला गेलो. इथं शिआनची बरोबरी संपते, हे आधीच सांगते. तिकडं खणलेल्या खड्ड्यावर विमानतळासारखं छत घातलंय आणि आत रांगा लागतात. इथं घरं आहेत. उतारावर दाटीनं बांधलेली, दारात स्कूटर, दोरीवर वाळणारे कपडे. खाली पंचगंगा आणि शिवाजी पूल. कुठं खणलं होतं ते विचारावं तर कुणाला विचारायचं? एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला दोनदा देऊळ दाखवलं. त्यांना वाटलं आम्ही देवाला आलोय. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायचा धीर झाला नाही. जिवंत शहराच्या खाली मेलेलं शहर असलं तर वरच्यांनी जायचं कुठं? सातवाहनांच्या घरांवर बहमनी काळातल्या लोकांनी घरं बांधली, त्यांच्यावर यांनी. हीच तर तिथली रीत दिसते.

जवळच गंगावेश. तिथला दूधकट्टा तुम्हाला माहीत असेल, म्हशी समोर उभ्या करून धारोष्ण दूध देतात. आम्ही गेलो ती वेळ दुधाची नव्हती, पण जाता जाता एक सांगून टाकते. म्हैस माणसाळवली गेली ती आपल्याच उपखंडात. म्हणजे कोल्हापुरात खायला-प्यायला मिळणाऱ्या गोष्टींत सगळ्यात 'इथली' गोष्ट बहुतेक तो दुधाचा ग्लास.

कारण मिसळीचं तसं नाही, हो. आता तिकडंच वळू.

अंबाबाईचं दर्शन झालं, भवानी मंडपातून बाहेर पडलो आणि खासबागेकडं चालत गेलो. कुस्तीचं मैदान, शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, आणि तिथली खाऊ गल्ली. तात्यांची मिसळ ठरलेली. मी तुम्हाला दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण कोल्हापुरात मिसळीचं नाव घेतलं की अर्धे श्रोते दुखावतात.

ताट आलं. कोल्हापूरच्या पद्धतीप्रमाणे स्लाइसचा पाव, वाटीत वेगळा कट. मी तात्यांना म्हटलं, खाऊ नका, आधी उत्खनन करू. त्यांनी कपाळावर हात मारला. पण खरंच बघा, मिसळीचं ताट म्हणजे उभा छेद घेतलेला खड्डाच असतो. वर कोथिंबीर. ती भूमध्य समुद्राच्या बाजूची. मग कांदा, मध्य आशियातला. शेव-फरसाण हरभऱ्याच्या डाळीचं. हरभरा पश्चिम आशियातला, पण तो चार हजार वर्षांपूर्वीच इथं रुळलाय, त्याला परका म्हटलं तर अन्याय होईल. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आणि 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. पाव हा शब्दही त्यांचाच. टोमॅटो अमेरिकेतला. आणि हा लालभडक कट, ज्याच्यावर अख्ख्या जिल्ह्याची इज्जत टांगलेली आहे, तो मिरचीचा. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, त्यानंतर ती इकडं आली आणि घाट चढून वर. तिला आपण नाव दिलं ते जुन्या मिरीवरून. म्हणजे ब्रह्मपुरीच्या त्या विटांच्या घरांत राहणाऱ्यांनी तिखट खाल्लं असेल ते मिरी, आलं, पिंपळी, मोहरीचं. आजच्या कटाचा एक घोट घेतला असता तर विळिवायकुर महाराजांनी धनुष्यबाण खाली ठेवला असता.

सगळ्यात तळाशी, कटात बुडालेली मोडाची मटकी. ती मात्र भारतातलीच. सगळ्यात जुना थर सगळ्यात खाली, पुरातत्त्वाचा नियमच आहे. तात्या म्हणाले, "म्हंजे तिकडं पण मोड आन् हितं पण मोडच." हा विनोद माझा नाही, त्यांचा आहे. श्रेय त्यांना द्या.

आणि शिआनच्या त्या शेवयांवरचं मिरचीचं तेल आठवतंय ना? चीनमध्ये मिरचीची लेखी नोंद सापडते ती थेट १५९१ सालची. दोन हजार वर्षांच्या शहरात आपण 'पारंपरिक' म्हणून जे खातो त्याचा तिखटपणा दोन्हीकडं साडेचारशे-पाचशे वर्षांचाच, आणि दोन्हीकडं त्याच अमेरिकेतून आलेला. पोसायडन ज्या समुद्राच्या वाटेनं आला तिकडूनच दीड हजार वर्षांनी मिरची आली. देव संग्रहालयात गेला, मिरची घराघरात शिरली.

इथपर्यंत तात्या खुश होते. मग मी ह्युएन त्सांग काढला आणि सगळं बिघडलं.

ह्युएन त्सांग हा चिनी भिक्षू निघाला तो चांगआनहून, म्हणजे आजच्याच शिआनमधून. सातव्या शतकात तो भारतभर फिरला. इ. स. ६४० च्या सुमारास महाराष्ट्रातही आला. त्या वेळी दुसरा पुलकेशी राज्य करत होता, ज्यानं उत्तरेच्या हर्षाला नर्मदेच्या खाली येऊ दिलं नाही. आपल्या लोकांबद्दल ह्युएन त्सांगनं लिहिलेलं आपण शाळेत शिकलोय आणि ते ऐकून छाती फुगवलीय. माणसं स्वाभिमानी, उपकार न विसरणारी, अपमान केला तर सोडत नाहीत, पण सूड घ्यायच्या आधी शत्रूला सांगून घेतात, असं काहीसं. ६४५ साली तो परत गेला, शेकडो ग्रंथ घोड्यांवर लादून. त्या ग्रंथांसाठी बांधलेला पॅगोडा शिआनमध्ये आजही उभा आहे. त्या रात्री व्हिडिओत दिसलाही होता, पण आम्ही शेवया बघत होतो.

आता त्याच पुस्तकातलं दुसरं एक निरीक्षण, जे शाळेत शिकवत नाहीत. हे खास महाराष्ट्राबद्दल नाही, एकूण भारताबद्दल आहे. तो म्हणतो, इथं कांदा-लसूण फारसं पिकत नाही, खाणारेही थोडे, आणि जो खाईल त्याला शहराच्या तटाबाहेर घालवतात.

तात्यांचा हात ताटावरच थांबला. "कांदा?"

"कांदा."

"कांदा खाणाऱ्याला गावाभाईर?"

लोणंदच्या कांदाबाजारात ज्यानं आयुष्य घातलं त्याला हे सांगायची वेळ मिसळ खाताना नसते, एवढं मला कळायला हवं होतं. मी सारवासारव केली. तो स्वतः भिक्षू, त्याच्या पंथाला कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून त्याची नजर नेमकी तिथं गेली असेल. भेटला असेल तो मठातल्या आणि दरबारातल्या लोकांना. शेतात भाकरीबरोबर कांदा फोडणारा त्याला कुठं भेटणार? हे सगळं खरं आहे. पण तात्या त्यावर बोलत नव्हते.

"आन् आणखी कुणाला ठेवायचे भाईर? ते लिव्हलंय का?"

लिहिलंय. खाटीक, कोळी, झाडूवाले, फाशी देणारे. त्यांची घरं शहराबाहेर आणि रस्त्यानं जाताना त्यांनी एका कडेनं चालायचं. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसानं हे दोन ओळींत लिहून ठेवलंय, नद्यांची आणि फळांची नावं लिहावीत तसं.

तात्यांनी मिसळ संपवली, पण कट परत मागितला नाही. ज्यांना तात्या माहीत आहेत त्यांना याचा अर्थ कळेल.

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही भाऊसिंगजी रोडनं टाऊन हॉलच्या दिशेनं परत चालत निघालो. या रस्त्यावर मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. खरं तर सकाळीच सांगणार होते, पण बरं झालं राहिली ते.

शंभराहून थोडी जास्त वर्षं झाली. गंगाराम कांबळे नावाचा माणूस शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होता. जातीनं महार. मराठा नोकरांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला तिथल्याच लोकांनी बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामनं त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराज भयंकर संतापले, मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला नोकरीतून मोकळं करून म्हणाले की आता स्वतःचा धंदा काढ. पैसेही दिले.

गंगारामनं काय काढावं? चहाचं हॉटेल. आणि कुठं? गावकुसाबाहेर नाही, वाड्यावस्तीवर नाही. इथं, भाऊसिंगजी रोडवर, भर शहरात. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. दुकान चकचकीत, भांडी स्वच्छ. पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

मग महाराज स्वतः यायला लागले. त्यांची गाडी भर रस्त्यात या दुकानासमोर थांबायची, गंगारामला हाक जायची, आणि चहा यायचा. एकटे प्यायचे नाहीत. गाडीत बरोबर असणाऱ्या वरच्या जातीच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. आता छत्रपती प्यायल्यावर नाही कोण म्हणणार? हळूहळू हॉटेल चालायला लागलं. पुढं महाराजांनी सोड्याचं मशीनही घेऊन दिलं असं सांगतात. कायदे, हुकूम हेही त्यांनी केलेच. १९०२ सालचं आरक्षण आहे, सार्वजनिक विहिरी-शाळा-दवाखान्यांत भेद करायचा नाही असे १९१९ चे हुकूम आहेत. पण रस्त्यात गाडी थांबवून चहा मागणं, याला कागद लागला नाही. महाराज १९२२ मध्ये गेले. त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत १९२५ साली उभं राहिलं. ते उभारण्यात पुढाकार कुणी घेतला? याच गंगाराम कांबळेंनी.

मी बोलत होते आणि एकदम लक्षात आलं की तात्या मागं राहिलेत. एका चहाच्या गाड्यापाशी थांबले होते. दोन चहा सांगितले. आम्ही फुटपाथच्या कडेला उभे राहिलो. मला वाटलं आता चहावर बोलावं. चहा हा शब्दच मुळात चिनी, 'चा', आणि झाडही तिकडचं, म्हणजे शिआनच्या राजानंही... पण त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसले.

जरा वेळानं तेच बोलले. मी ते रेकॉर्ड केलेलं नाही. घरी आल्यावर त्यांना विचारून इथं देतेय.

"आमी ल्हान असताना गावातल्या हाटेलात भाईरच्या भिंतीला कोनाडा होता. त्यात चार कप पालथे घातलेले. कानाचे दांडे तुटलेले. त्यांची माणसं आली की त्यातला कप घ्यायची, हाटेलवाला वरनं चहा वतायचा, पिऊन झालं की त्यांनीच धुऊन परत पालथा घालायचा. त्यात एक माझ्या वर्गातला होता. मी आत बाकड्यावर बसलेला असायचो आन् तो भाईर उभा. उन्हात. आमी शाळंत एका बाकावर बसायचो."

"तुम्ही काही म्हणाला नाही कधी?"

"काय म्हणणार? मला ते दिसायचंच न्हाई. कोनाडा दिसायचा, देवळीवाणी. भिंतीला कोनाडा असतोय तसा तो होता."

ते गाव आमच्या भागातलंच. नाव देत नाही. ते हॉटेल आता नाही, भिंतही नाही. खणलं तर कदाचित कपांचे तुकडे निघतील. चिनी मातीचे.

तात्यांनी कप गाड्यावर ठेवला, पैसे दिले, आणि गाडीवाल्याला विचारलं की कांदा काय भावानं घेतोस. तो म्हणाला तो आकडा ऐकून ते म्हणाले, "लोणंदात स्वस्त पडंल." मग आम्ही स्टेशनकडं चालू लागलो.